बोरठाणा स्टेशन चालू आहे

बोरठाणा,
बुधवार, २२ डिसेंबर १९९३

प्रिय हेमे,

हे हातात पडल्याबरोबर आधी खोलीचं दार लावून घे आणि मगच वाच. व्यंकटराव कंडक्टरांच्या हाती मेथीच्या लाडवांचा डबा पाठवते आहे, त्यात तळाच्या कागदाखाली हे पत्र ठेवलंय. लाडू खुशाल वाट, पत्र मात्र कोणाला दाखवू नकोस, खोलीतल्या मैत्रिणीलासुद्धा नाही. पोस्टात टाकायचा धीर झाला नाही. गावात फोन एकच, सरपंचांच्या ओसरीवर, आणि तिथं हल्ली सकाळपासून माणसं बसलेली असतात. मी नंबर फिरवायच्या आत त्यांचे कान टवकारतील. आपल्या हॅम रेडिओवरून बोलायचं म्हणजे तर गावात दवंडी पिटायची. तेव्हा कागदच बरा. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर आईचं वय झालं असं समजू नकोस. मला भीती वाटते आहे, हेमा. सोमवारपासून दाराची कडी वाजली की आधी फटीतून बघते.

तू रविवारी दुपारच्या एसटीनं रागारागानं निघून गेलीस. तुझ्या लेखी त्या दिवशी आपल्या घरात एवढंच झालं, की बाबा बोलले आणि तू ताटावरून उठलीस. बाकीचं तुला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून आधी सरळच सांगून टाकते. रविवारी सकाळी बाजारतळावरच्या सभेत भोंग्यातून एका बाईचा आवाज आला. त्या आवाजाच्या सांगण्यावरून माणसं रेल्वे स्टेशनवर गेली, तिथं पोलिसांचा मार खाल्ला, आणि आता गावही त्या बाईला शोधतंय आणि पोलीसही. तो आवाज तुझा होता. तुझ्या ध्यानीमनीही काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग!

तू म्हणशील, भोंग्यात मी कशी जाईन? अगं, बाबा नव्हते का गेले? तू सातवी-आठवीत असशील. मारुतीच्या देवळात सप्ता होता, बुवांचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं, आणि भोंग्यातून एकाएकी तुझ्या बाबांची ती रेडिओवरची हाक घुमली, सीक्यू, सीक्यू! म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. बुवा मोठे हजरजबाबी, म्हणाले, ऐका रे ऐका, देवसुद्धा सांगतोय, शिकू शिकू! तेव्हापासून माधवराव मास्तरांचे शिकूगुर्जी झाले ते झालेच. भोंगेवाला बन्सीधर दुसऱ्या दिवशी भांडायला आला आणि आपल्याकडचा चहा पिऊन गेला. बाबांनी त्यालाही समजावलं आणि मलाही, की आपला सेट घरी जुळवलेला, परसातल्या तारेतून आवाज जातो, आणि भोंग्याची लांबच लांब तार जवळ असली की तो आगंतुकासारखा त्यांच्या यंत्रात शिरतो. त्यानंतर त्यांनी स्वतःला नियम घालून घेतला, गावात भोंगा लागलेला असेल तर सेटला हात लावायचा नाही. त्या परसातल्या तारेवर मी साधा टॉवेल टाकला तर घर डोक्यावर घेणारा माणूस, नियमाला किती पक्का ते तू जाणतेस.

रविवारी बाबा घरी असते तर हे झालं नसतं. ते दहावीच्या पोरांचा जादा तास घ्यायला शाळेत गेले होते आणि घरचं स्टेशन तुझ्या स्वाधीन केलं होतं. तू आनंदात होतीस. वर्षातली मोठी स्पर्धा, पहिला रविवार, कानाला हेडफोन लावून पहाटेपासून बसलेली. तुमचा हा खेळ मला पुरता कधी कळला नाही. आपल्या नावानं हाक द्यायची, कुठून तरी कोणी ओ दिली की एक गुण, ओ मिळाली नाही की पुन्हा हाक. पण बाबांचा कायदा मात्र मला पाठ आहे, कारण तो जेवताना, झोपताना, भाजी निवडताना ऐकलाय. स्पर्धेत हाक आपल्याच जागेवरून, म्हणजे सेटच्या आपल्याच आकड्यावरून, द्यायची. मराठी मंडळींची सकाळची बैठक जिथं भरते तिथं जाऊन आम्ही अमुक ठिकाणी आहोत, इकडं या, असं सांगायचं नाही. आपलं दुकान आपल्या ओट्यावर मांडा, कितीही ओरडा, पण दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन गिऱ्हाईक ओढू नका. आणि तू नेमकं तेच केलंस. ओ मिळेना म्हणून बैठकीच्या जागी गेलीस आणि स्वच्छ मराठीत सांगितलंस, मंडळी, बोरठाणा स्टेशन चालू आहे, सगळ्यांनी इकडं या, लवकर या, वेळ थोडा आहे. दुपारी ताटावर तू ते हसत सांगितलंस आणि बाबा बोलले ते ह्यावरूनच.

मी मागच्या दारी धुणं धूत होते. तुझा आवाज खोलीतून आला आणि बाजारतळाकडूनही आला. मला वाटलं, सकाळच्या शांततेत आवाज घुमतोय. मग बाजारतळावर गलका झाला, माणसं उठल्याचा. मी ओल्या हातानं आत आले तर तू परत आपल्या जागेवर जाऊन हाका देत होतीस आणि मिळालेली ओ वहीत टिपत होतीस. हसून मला बोटानं गप्प राहा म्हणालीस. मी परत धुण्याकडं गेले. तेव्हा कळायला मार्ग नव्हता की बाजारतळावर सभा भरली आहे, बन्सीधरनं परभणीहून नवा मोठा भोंगा आणून आपल्या परसाच्या भिंतीवरून तार नेली आहे, आणि पुढाऱ्याची वाट बघत लोक बसले आहेत.

सभा कसली ते सांगायला नको. ज्या विद्यापीठात तू शिकतेस त्याचं नाव बदलू नये म्हणणाऱ्यांची. आता जानेवारीत नाव देणारच अशी बोलवा आहे, त्यामुळे दोन्हीकडची डोकी तापलेली. परभणीहून येणारा माणूस सांगणार होता की गाड्या कुठं अडवायच्या, पिंगळीला की आपल्याकडं. तो आलाच नाही. नुकताच चालू केलेला भोंगा नुसताच खरखरत होता, आणि त्यातून बाईचा आवाज आला, बोरठाणा स्टेशन चालू आहे, सगळ्यांनी इकडं या. लोकांना वाटलं, कुठलीशी महिला आघाडीची बाई असेल, स्टेशनवरून बोलावतेय, रेल रोको सुरू झालं. तुमच्या तोंडी स्टेशन म्हणजे रेडिओ. बोरठाण्यात स्टेशन म्हणजे स्टेशन, जिथं परळीची गाडी थांबते. गेले सगळे उठून. तिथं पोलीस आधीच आणून ठेवलेले. दगड आला, मग लाठी आली. कोणी आधी मारलं ते विचारू नकोस, ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो.

मुंजाजीला लागलं. कमलबाईचा मुंजाजी, आपल्याकडं दूध घालायला येणारा. तो कसला सभेला जाणारा! वैरण आणायला निघाला होता, गर्दी दिसली म्हणून थांबला, आणि गर्दी उठली तसा गर्दीबरोबर गेला. डोक्यात लाठी बसली. परभणीला दवाखान्यात आहे. डोळे उघडलेत, आईला ओळखतो, पण बोलायला गेला की जीभ अडखळते. डॉक्टर म्हणतात, हळूहळू येईल. कमलबाईला विधवा झाल्यापासून ह्या एकट्या पोराचा आधार. मी देवापुढं बसले की हात जोडायच्या आधी त्याचंच नाव तोंडात येतं.

आणखी एक सांगते, हे तुला ऐकवणार नाही पण ऐकलं पाहिजेस. स्टेशनची वाट भीमनगरावरून जाते. अठ्ठ्याहत्तर सालच्या जाळपोळीपासून ती माणसं गावात गर्दी जमली की दारं लावून घेतात, आणि ह्या महिन्यात तर काहीजण लेकरांना घेऊन तुरीच्या शेतात झोपायला जातायत. रविवारी जाताना गर्दी नुसती आरडाओरडा करत गेली. मार खाऊन परतताना मात्र राग कुठंतरी काढायचा होता. सरजाबाईच्या दारची कडब्याची गंज पेटवली. अंगणवाडी चालवणारी सरजाबाई, जिच्या सुनंदाला तू सुट्टीत इंग्रजी शिकवायचीस. घराला झळ लागली नाही, माणसं बचावली. सोमवारी मी गेले तर ती राख झाडत होती. मी काही बोलायच्या आत तिनंच खालच्या आवाजात सांगितलं, ‘आवाज मी वळखला, बाई. माज्या पोरीला शिकवणारा आवाज हाय त्यो, मी कसा इसरंन? मी कुनाला सांगायची न्हाई. पर हेमाला सांगा, तिच्या हाकंवर गेलेली मान्सं आमच्या दारावरून गेली.’ मला तिच्यापुढं उभं राहवेना. तिनं गप्प राहावं असं ती आपलं काय देणं लागते? तिला एका शब्दात सगळं सांगता आलं असतं आणि कोणी तिला दोषही दिला नसता.

आता तुला वाटेल, मग खरं सांगून मोकळं व्हावं. तुझे बाबाही तेच म्हणाले. चूक आहे, गुन्हा नाही, यंत्राचा दोष आहे, मी समजावून सांगतो, म्हणाले. कोणाला समजावणार गं? नाव द्यावं असं त्यांनी शाळेत सगळ्यांसमोर सांगितलेलं आहे, ते तुला आवडलं होतं आणि मलाही, जरी मी तेव्हा जरा हळू बोला असं म्हणाले. आता गावातले तेच शब्द फिरवून म्हणतात, शिकूगुर्जीनं मुद्दाम पोरं पोलिसांच्या तोंडी दिली. पोलीस म्हणतात, जमाव कोणी बोलावला ते सांगा. एकाच आवाजावर दोन आळ, एक इकडून आणि एक तिकडून. आणि मधे तू, बावीस वर्षांची, त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात, जिथं रोज एक मोर्चा निघतो. तिथल्या भिंतीवर तुझं नाव लिहिलं गेलं तर तिथं कोण तुला समजून घेणार आहे?

बन्सीधरला सोमवारी चौकीवर नेलं. भोंगा त्याचा, तेव्हा आवाजही त्याचाच, असा हिशेब. त्याला मारलं की नाही ते तो सांगत नाही, पण काल चालताना एका बाजूनं चालत होता. आणि त्यानं काय चूक सांगितलं? हा गुर्जींच्या रेडिओचा आवाज, सप्त्यात आला होता तसाच, एवढंच. मग मंगळवारी सकाळपासून कमलबाईचा दीर चंद्रभान आपल्या समोरच्या ओट्यावर येऊन बसला. शिवी देत नाही. तंबाखू मळतो आणि आपल्या दाराकडं बघतो. मी अंगणात सडा टाकायला गेले तर माझ्या हातातल्या तांब्याकडं बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाबा शाळेत जायला निघाले तसा तोही उठला आणि त्यांच्या मागोमाग शाळेच्या फाटकापर्यंत गेला. मग परत येऊन बसला. मी दिवसभर दाराच्या फटीतून बघत होते, भाकरी दोनदा करपली.

दुपारी कमलबाई आली. दवाखान्यातून थेट आली होती, पायात वहाण नव्हती. मी पाणी दिलं ते घेतलं नाही. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, ‘मास्तरीणबाई, मला येवढंच सांगा, माज्या लेकराला कुनी बोलवलं?’ तिच्यामागं ओट्यावरून चंद्रभान उठून उभा राहिला होता. बाबा शाळेत. मला त्या वेळी काय झालं ते नीट सांगता येत नाही. कानात हवा भरल्यासारखं वाटत होतं, आणि तोंडातून निघून गेलं, मी. मी बोलवलं. कमलबाईनं मला खालीवर न्याहाळलं. म्हणाली, ‘तुमी? तुमच्या तोंडून तर चुलीम्होरंबी शब्द फुटत न्हाई.’ मी म्हटलं, भिंतीवर रेडिओचं लायसन बघ, माझ्या नावाचं आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले, रेडिओवरच्या लोकांना बोलावलं, गाववाल्यांना नाही, आणि ते भोंग्यात गेलं. मुंजाजीच्या पायाशी बसून माफी मागते म्हटलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मान्सानं बोलवाया पायजे, पर कोन ऐकायलंय ते बगून.’ आणि गेली. चंद्रभान तसाच उभा होता. तो आज पुन्हा येऊन बसलाय.

हसू नकोस, पण तुमच्या त्या लायसनचा मला पहिल्यांदा उपयोग झाला. आठवतं ना, बाबांनी तुझ्याबरोबर मलाही नागपूरला परीक्षेला बसवलं होतं? दोघींना एक पुस्तक, दोघींचा एकच अभ्यास, मी फोडणी घालता घालता मोर्सची टिकटिक पाठ करायची. पास झाले तेव्हा बाबांनी पेढे वाटले आणि ते लायसन चौकट करून देवघराच्या बाजूला लावलं. आणि त्यानंतर मी एकदाही तोंड उघडलं नाही. माइकपुढं बसलं की पहिला शब्दच आठवत नाही. कितीदा तू माझा हात धरून बटण दाबलंस, आणि मी नुसती श्वास घेत राहिले. घरच्या स्टेशनवरून बोलायचं म्हणजे ह्यांना सरकारनं दिलेल्या रेडिओ-नावाची अक्षरं घ्यायची, आणि मी लग्नात नाव घेताना रडलेली बाई. तुझे बाबा चेष्टेनं म्हणायचे, अख्ख्या देशात एवढं शांत स्टेशन दुसरं नाही. पण आवाज! तुझा आणि माझा आवाज एकच, हे तर आपल्या घरातलं जुनं कौतुक. तुझा मामा सरपंचांच्या फोनवर दर वेळी फसतो, मला हेमा म्हणून दटावतो, अभ्यास कर म्हणतो. त्या कौतुकाच्या भरवशावर मी एवढं मोठं खोटं बोलून बसले.

बाबा शाळेतून आल्यावर मी त्यांना सांगितलं. त्यांनी चहाची बशी बाजूला सारली. त्यांनी जन्मात खोटं बोललेलं मला आठवत नाही, वर्गणी मागायला आलेल्यालाही घरी नाही म्हणून सांगवत नाही त्यांना. मला वाटलं, आता हे उठून चौकीवर जातील आणि खरं सांगतील. मी म्हटलं, तुम्ही जाणार असाल तर आधी मला सांगा, मी लेकीला घेऊन कुठंतरी निघून जाते. एवढं कधी मी त्यांना बोलले नव्हते. ते म्हणाले, अनसूया, तू बोललीस हे खोटं आहे, पण आता ते खरं करावं लागेल. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. संध्याकाळी फौजदार आले तेव्हा कळला.

फौजदार माणूस वाईट नाही, पण फार सावकाश बोलतो आणि त्यानं आणखी धास्ती वाटते. बन्सीधरला बरोबर आणलं होतं. माझा जबाब लिहून घेतला. मी सही केली. मग म्हणाले, ‘बाई, तुमी म्हन्ता म्हंजे आसंल. पर गावाला पटाया पायजे का न्हाई? येत्या रविवारी तुमची शर्यत पुन्हा हाय म्हन्तात गुर्जी. मग त्याच जागी भोंगा लावतो, त्योच बन्सीधर, तीच तार. मान्सं जमवतो. तुमी घरात बसून बोला. आवाज भोंग्यातून आला आन् त्योच आवाज आसला, तर यंत्राची चूक म्हनून मी कागद मिटवतो. बन्सीधरबी सुटला, तुमीबी सुटल्या.’ आणि नाही आला तर, असं बाबांनी विचारलं. फौजदारांनी टोपी घातली आणि म्हणाले, ‘मंग खरं कोन बोललं ते हुडकावं लागंल. तुमाला लेक हाय न्हवं, आवरंगाबादला?’ त्यांनी सहज विचारलं असेल. मला सहज वाटलं नाही.

तेव्हापासून बाबा मला शिकवतायत. सेट बंद ठेवून, नुसत्या माइकवर. श्वास सोडून बोल म्हणतात, ओठ लांब ठेव, घाई करू नकोस. काल रात्री पहिल्यांदा ह्यांच्या नावाची अक्षरं मोठ्यानं घेतली तर तेच लाजले. इतक्या भीतीतही आम्ही दोघं हसलो, आणि मग मी रडले. तुझी ती वाक्यं तशीच म्हणायची आहेत, लोकांनी ऐकली तशी. बाबा म्हणाले, म्हण, पण बैठकीच्या जागेवर जायचं नाही, आपल्याच जागेवरून म्हणायचं. बघ, मान सुरीखाली असली तरी ह्या माणसाचा कायदा सुटत नाही. तुझ्यावर ते रागावले होते ते विसरलेत. आज सकाळी तुझ्या खुर्चीवरची उशी उन्हात टाकून परत आणून ठेवली. 

भीती कशाची म्हणून सांगू? माइकपुढं शब्द फुटणार नाही ही एक. आवाज भोंग्यात शिरलाच नाही तर, ही दुसरी, कारण बाबा म्हणतात, हवा पालटली, तार जरा हलली, तरी यंत्र ऐकत नाही. कमलबाई तिथं उभी असेल आणि आईच्या कानांना दोन आवाजांतला फरक कळेल, ही तिसरी. आणि सरजाबाईही असेल. तिला तर कळणारच आहे. ती तेवढी वेळ निभावून नेईल, असं मला वाटतं, आणि तसं वाटण्याची मला लाज वाटते. तू पुढच्या सुट्टीत येशील तेव्हा आधी तिच्या घरी जा. मग आपल्या घरी ये.

आता हे सगळं का लिहिलं ते नीट ऐक. तिथल्या तुझ्या रेडिओ क्लबातल्या सेटवर रविवारी तू बसणार, हे मला माहीत आहे. तुझं नाव त्या पाळीत लागलंय, तू मला दाखवलं होतंस. बसू नकोस. ताप आला म्हण, आई आजारी आहे म्हण, काहीही म्हण. त्या रविवारी नाही आणि त्यानंतरही बरेच दिवस नाही. तुझा आवाज ओळखणारी माणसं देशभर आहेत, आणि मी घरातून बोलत असताना तोच आवाज औरंगाबादहूनही आला, तर माझा जबाब तिथंच खोटा ठरेल. तुझा आवाज मी काही दिवसांसाठी घेतलाय, हेमा. तुझी सगळ्यात आवडती वस्तू मी न विचारता घेतली, रागाव हवं तर. रविवारी सकाळी सभा भरली होती त्याच वेळेला खोलीतला साधा रेडिओ आपल्या आकड्यावर लावून ठेव. मी हाक देईन. पहिल्यांदाच देतेय, घसा बसेल, अक्षरं चुकतील, मधेच थांबले तर घाबरू नकोस. कदाचित कोणीच उत्तर देणार नाही आणि मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहीन. तुला लहानपणापासून मी एका गोष्टीसाठी सारखी रागावत आले, की आईनं हाक मारली की ओ द्यावी, कुठंही असलं तरी आधी ओ द्यावी. ह्या रविवारी मी हाक मारीन. तू ऐक. पण ओ देऊ नकोस.

तुझीच,
आई